काळ्या घरातला काळा वजीर

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची
न कळवता, आणि चहाला आधण येण्याआधी निघून जायची.
छपाईचं मोठं यंत्र ताडपत्रीखाली निपचित.
बोंदोनं तळघरातून हातयंत्र वर काढलं,
त्याच्या सासऱ्याच्या उमेदीतलं,
आणि बुद्धिबळाच्या खिळ्यांची पेटी,
जिच्यात उंदरांनी संसार थाटला होता.

मी बुद्धिबळाचं सदर लिहायचो. शुक्रवारी.
एक डाव, चार ओळी टीप, एक कोडं:
पांढऱ्याची खेळी, तीन खेळींत मात.
पावाच्या रांगेत लोक ते सोडवायचे,
मागचा पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून.
तिरपं चालणाऱ्या सोंगटीला आमच्याकडे कासव म्हणतात.
रांग दोन पावलं सरकेपर्यंत
कासव पटाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोचलेलं असायचं.

बोंदो खिळे मोजून सांगायचा, वाण्यासारखा:
"काळी प्यादी पाचच. बाकीची झिजली.
घोडे हवे तेवढे घे.
काळा वजीर रेघांच्या घरात मिळणार नाही."
प्रत्येक सोंगटीचे दोन खिळे असतात, हे सांगायला हवं.
एक कोऱ्या घरातला, एक तिरप्या रेघांच्या.
तो एक गेला होता. कुठे, देव जाणे.
कुणाच्या पोरानं भोवऱ्याला आर म्हणून ठोकलाही असेल.

मग मी कोडी तशीच निवडायला लागलो.
असेल त्यात भागवायचं, हे तेव्हा सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेलं.
बायको अंड्यावाचून केक करायची,
मी काळ्या वजिराला पांढऱ्या घरांवरच नाचवायचो.
कुणाच्या लक्षात येणार?

फेब्रुवारीत बसच्या ड्रायव्हरनं पत्र आणून दिलं.
त्सिरा शोनिया, वय बारा,
त्स्काल्तुबो, आरोग्यधाम, तिसरा मजला, खोली एकतीस.
पूर्वी जिथे लोक गुडघे शेकायला यायचे
तिथे आता सुखुमीहून निघालेली माणसं राहत होती,
एका खोलीत दोन चुली.

"तुमचं सदर आमच्या खिडकीवर आहे.
काच नाही, म्हणून मामा वर्तमानपत्रं चिकटवतो.
सकाळी उजेड आला की आधी पट दिसतात.
एकोणीस आठवडे मोजले.
काळा वजीर एकदाही काळ्या घरात उभा नाही.
पण त्याचं स्वतःचं घर तर काळंच असतं ना?
त्यालाही परत जाऊ देत नाहीत का?"

बोंदोला मी ते वाचून दाखवलं.
त्यानं ऐकलं, रूळ पुसला, दिवा मालवला.
दुसऱ्या दिवशी आला तो अंगठ्याला चिंधी बांधून.
खिशातून काढला अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा,
नखाएवढा. मुकुट, आणि मागे रेघा,
उलट्या, आरशातल्यासारख्या.
उरलेली तीन प्यादी बटाट्यातून कोरली.
त्याच्या बायकोनं एकच बटाटा दिला होता.

त्या शुक्रवारी मी कोडं दिलं नाही.
नुसता पट दिला, पहिल्या खेळीच्याही आधीचा,
बत्तीसच्या बत्तीस आपापल्या जागी.
खाली एक ओळ: पांढऱ्याची खेळी. घाई नाही.
संपादक म्हणाला, शाई फुकट घालवलीस.
रांगेतल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, यात सोडवायचं काय?

मार्चमध्ये दुसरं पत्र.
"वजीर जरा वाकडा उमटलाय," त्सिरानं लिहिलं होतं,
"डावीकडे कललेला. चालेल.
आमचं घरही तसंच होतं, समुद्राकडे झुकलेलं.
दारात लिंबू सोडलं की गॅलरीपर्यंत घरंगळत जायचं."

त्याखाली, पेन्सिलीनं, जानेवारीतल्या एका कोड्याचं उत्तर.
बरोबर होतं.
शिवाय दुसऱ्या खेळीला हत्तीऐवजी
साधं प्यादं पुढे ढकललं तरी मात होते,
हेही तिनं दाखवलं होतं,
आणि ते मला दिसलं नव्हतं.